कोळसा मोजायचा नाही

चिकपेट, बेंगळूर
१९ ऑगस्ट १९९६

शुभंकर,

आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. आशीर्वाद.

तू इंदिरानगरात, मी चिकपेटात. एकाच गावात राहून आईला मुलाला पोस्टाने पत्र घालावं लागतं, यातच सगळं आलं. फोन केला की तुझं ते यंत्र बोलतं, निरोप ठेवा म्हणतं. यंत्रावर तोंडसुख घेण्यात काय राम आहे? म्हणून हे पत्र.

काल तुझ्या क्लासचा शिपाई मल्लाप्पा आला होता. "अम्मा, सार फोटो केळिदारे," म्हणाला, सरांनी फोटो मागितलाय म्हणून. कुठला फोटो ते त्यालाही ठाऊक होतं, कारण भिंतीवर दुसरा आहेच कुठे. मी विचारलं, कशाला? तर त्याने पिशवीतून पुस्तकाची छापून आलेली कच्ची पानं काढली. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'प्रोफेसर भीमाचार्य मेथड' आणि खाली 'इन्स्टंट एन्ट्रॉपी'. मधे एक मोकळा चौकोन. त्या चौकोनात तुझ्या वडिलांना, अण्णांना, बसवायचं होतं म्हणे.

ज्या माणसाने इन्स्टंट कॉफीच्या बाटलीला घराचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्याच्या नावावर तू इन्स्टंट एन्ट्रॉपी विकणार. मला किळस आली. नीट शब्द शोधून लिहिते आहे, रागाच्या भरात नाही. किळसच.

फोटो दिला नाही. पानं मात्र ठेवून घेतली आणि जेवण झाल्यावर वाचली. मीही शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं आहे, तुझ्या आईला फक्त कुकरची वाफ कळते असं समजू नकोस. सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत कशीबशी आले. तिथे चौकटीत तुझा मंत्र आहे: रासायनिक समीकरणात उजवीकडचे सगळे मोजा, डावीकडचे सगळे मोजा. उजवीकडे जास्त तर एन्ट्रॉपी वाढली, कमी तर घटली, सारखे तर काही नाही. चौकटीवर लिहिलंय, 'भीमाचार्यांचा सुवर्णनियम'.

अरे, लाज?

अण्णा काय म्हणायचे ते मी तुला सांगावं? तू त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसला होतास. "एन्ट्रॉपी म्हणजे पसारा. आणि पसारा घालणारं पोर कोण? वायू. आधी वायू शोधा, तेवढेच मोजा. घन पदार्थ कोपऱ्यात गुमान बसलेले असतात, त्यांना हजेरीत धरायचं नाही." आणि मग फळ्यावर तापलेला कोळसा आणि वाफ. त्यांच्यापासून होतात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. तुझ्या मंत्राने डावीकडे दोन, उजवीकडे दोन, म्हणजे बदल शून्य. खरं म्हणजे कोळसा घन आहे. डावीकडे वायू एकटी वाफ, उजवीकडे दोन वायू. पसारा चांगलाच वाढला. "कोळसा मोजायचा नाही!" हे ते इतक्या जोराने ओरडायचे की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा ओरडायची.

आणि तू त्यांच्या नावाने कोळसा मोजलास.

नाव काढ. पुस्तक काढायचं तर काढ, तुझं नाव घाल, मी अवाक्षर बोलणार नाही. त्यांचं नाव त्या पानावर राहता कामा नये. एवढंच मागणं आहे.

आई

*

चिकपेट
२४ सप्टेंबर १९९६

शुभंकर,

तुझं उत्तर मिळालं. अक्षर टाइपाचं, सही तुझी. लिहितोस की, विसात एखाद्याच प्रश्नाला हा नियम चुकतो, आणि परीक्षेच्या घाईत तेवढं चालतं. म्हणजे चुकतो हे तुला माहीत आहे! मी इतके दिवस समजत होते की पोरगं विसरलं असेल. विसरलेल्याला आठवण करून देता येते. जाणूनबुजून करणाऱ्याचं काय करायचं? झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही.

पुढे लिहितोस, "पालकांना रिझल्ट हवा असतो, आई, तत्त्वज्ञान नको." कोळसा घन आहे हे तत्त्वज्ञान कधीपासून झालं?

गणपतीत स्मिता येऊन गेली. तू आला नाहीस. गेल्या पाडव्याला मी तुझ्या त्या 'भीमाचार्य अकॅडमी'च्या बोर्डावरून बोलले, तेव्हापासून तू या घरी पाणी प्यायला नाहीस. ठीक. स्मिता मोदक घेऊन आली होती, चांगले झाले होते. जाताना म्हणाली, "आई, अण्णांचा तो फोटो दोन दिवस देता का? निधीला आजोबांचा फोटो हवाय तिच्या रूममध्ये. कॉपी करून लगेच परत देते." नातीने मागितलं म्हटल्यावर माझा जीव विरघळला. दिला. तिने सांगितल्याप्रमाणे परतही केला. सून शब्दाची पक्की आहे हे लिहायलाच हवं.

आता मूळ गोष्ट. आपल्या खालच्या मजल्यावर कस्तुराबाई राहतात, त्यांची भाची महानंदा यंदा निपाणीहून शिकायला आली आहे. दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे, आणि तुझ्या क्लासला येते. अण्णांचं नाव बोर्डावर वाचून तिच्या मामीने तिला तिथे घातलं. मला वाटतं तुला ती ओळखूही येणार नाही, तुझ्याकडे एका खोलीत बाजार भरतो म्हणे. गेल्या आठवड्यात ती रडत वर आली. हातात कॉलेजच्या चाचणीचा पेपर. कोळसा आणि वाफ. तिने लिहिलं होतं, बदल शून्य.

"आज्जी, मी कॉलेजातल्या सरांना सांगितलं, ह्यो भीमाचार्य मेथड हाय म्हणून. तर सर हसलेत की हो. म्हणालेत, भीमाचार्य असं शिकवत होते? मग बरं झालं वारले ते."

त्या सरांना मी ओळखते. ते अण्णांचेच विद्यार्थी, दिवाळीला अजून नमस्काराला येतात. त्यांना वाटलं असेल, म्हातारा शेवटी शेवटी चळला होता.

मी त्या पोरीला माझ्या पाटावर बसवलं. तोच पाट, ज्यावर काचेच्या पेल्याचा गोल डाग आहे. तिने विचारलं, हा डाग कसला? मी तिला सगळं सांगितलं. दर वर्षी पहिल्या तासाला अण्णा माझ्या स्वयंपाकघरातून हा पाट पळवायचे. पाटावर पाणी शिंपडायचं, वर पेला, पेल्यात दोन पांढऱ्या पुडी, बेरियम हायड्रॉक्साइड आणि नवसागर. ढवळलं की दोन्ही कोरड्या पुडींचा चिखल होतो आणि पेला इतका गार पडतो की खालचं पाणी गोठतं. मग पेला उचलायचा आणि त्याच्याबरोबर अख्खा पाट वर यायचा. पोरं टाळ्या पिटायची. तेव्हा ते विचारायचे, "ही क्रिया आजूबाजूची ऊब गिळते आहे, तरी आपणहून चालली आहे. का?" कोणाला सांगता आलं नाही की पेला सगळ्यांच्या नाकाखालून फिरवायचे. अमोनिया! डोळ्यांतून पाणी. "पुस्तकाला विचारू नका, नाकाला विचारा. वायू सुटला की पसारा वाढला. म्हणून चालली आहे."

महानंदा म्हणाली, "हे आमच्या क्लासात कधी दावलं न्हाई."

त्यांचं नाव काढ, शुभंकर. त्यांच्याच विद्यार्थ्याला ते वेडे झाले होते असं वाटलं, तेवढं पुरे आहे.

आई

*

चिकपेट
२२ ऑक्टोबर १९९६

शुभंकर,

खंडेनवमीला बोलावलंस म्हणून आले. वाटलं, पाषाणाला पाझर फुटला. आमंत्रणपत्रिकेवर 'भीमाचार्य सरांचा प्रसिद्ध प्रयोग' असं छापलं होतं ते वाचून रिक्षात बसल्याबसल्या माझे डोळे भरून आले. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "एनायितु अम्मा? सरी होगुत्ते." सगळं ठीक होईल म्हणत होता बिचारा. त्याला काय माहीत मी कुठे चालले आहे.

तुझ्या अकॅडमीचा हॉल थंडगार. टेबलावर परीक्षानळ्यांना हळदकुंकू, तराजूला हार, कॉम्प्युटरला हार. इथपर्यंत ठीक, अण्णाही प्रयोगशाळेची पूजा करायचे. मग तू पडदा ओढलास आणि मागे तो फोटो. घरातला हाताहून मोठा नाही, हा भिंतीएवढा.

हसरा.

आधी मला कळेचना हे कोण आहेत. मग कळलं. शर्ट तोच, पेला तोच, पाटही तोच. फक्त तोंड दुसरं. ज्या फोटोत माझ्या नवऱ्याने नाक मुरडलंय, डोळे मिचकावलेत, अमोनियाने वरचा ओठ नाकाला टेकलाय, त्या फोटोला कुणा स्टुडिओवाल्याकडून तू गुळमुळीत हसू काढून घेतलंस. म्हणजे 'निधीच्या खोलीसाठी' म्हणून नेलेला फोटो यासाठी होता. स्मिताने खोटं बोलायला मोदक आणले होते. मी ते खाल्ले याची मला अजून शिसारी येते.

पण तरी मी बसून राहिले. प्रयोग बघायचा होता. तू कोट घालून आलास. समोर गुळगुळीत पॉलिश केलेली फळी, तीवर अकॅडमीचं नाव. पेल्यात दोन पुडी टाकल्यास, ढवळलंस, आणि पेल्यातून पांढरा धूर ओसंडून टेबलावरून खाली सांडू लागला. पालकांनी 'आ' केला. पेला उचललास, फळी वर आली. टाळ्या.

आणि वास नाही.

मी तिसऱ्या रांगेत होते. अण्णांचा प्रयोग चालू असला की कॉलेजच्या फाटकातून येणारा माणूस रुमाल काढायचा. इथे समोर अत्तराचा आणि उदबत्तीचा वास. त्या प्रयोगात धूर कधी निघत नाही, फक्त दव धरतं. तुझ्या पेल्यात कोरडा बर्फ होता, शुभंकर. आणि फळी आधीच चिकटवलेली होती, कारण तू पेला उचलताना जरासुद्धा जपला नाहीस. खऱ्या वेळी माणूस जपतो.

यातली गंमत तुला कळली का? कोरडा बर्फ उडून वायू होतो, हीसुद्धा एन्ट्रॉपीची वाढच. घनाचा सरळ वायू. तेवढं जरी खरं सांगितलं असतंस, की हा बर्फ आहे आणि हा पसारा असा वाढतो, तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या. तुला खोट्यासाठी जे हाताशी आलं तेही खरंच होतं, आणि ते तू लपवलंस.

म्हणून मी उभी राहिले आणि विचारलं, "वास कुठाय, शुभंकर?"

तू माझ्याकडे बघितलंस. तुला प्रश्न कळला होता, हे मी शपथेवर सांगते. हॉलमधल्या निम्म्या लोकांना मराठी कळत नव्हतं. तू माइकवर इंग्रजीत म्हणालास की माझ्या आईला वडिलांची आठवण झाली आहे, आपण तिच्यासाठी टाळ्या वाजवू या. आणि त्यांनी वाजवल्या. मी उभी, आणि लोक माझ्याकडे वळून मायेने बघत टाळ्या वाजवतायत.

आयुष्यात इतकी घाण कधी वाटली नव्हती.

स्मिता मागे धावत आली. "आई, प्लीज समजून घ्या ना. एसी हॉल आहे, पेरेंट्सना तो स्मेल सहन नसता झाला. आणि फोटोत अण्णा... म्हणजे, ब्रोशरवर कसं दिसलं असतं ते?" मी म्हटलं, "वास आल्यावर माणूस जसा दिसतो तसे दिसले असते." दारात कुणीतरी कुंकू भरून कोहळा फोडला होता, त्याच्या लाल चिखलात माझी चप्पल रुतली. धुतली तरी पट्ट्याला डाग आहे.

आता मी काही मागत नाही. मागून झालं.

वसुमती

*

चिकपेट
७ नोव्हेंबर १९९६

शुभंकर,

गेल्या शुक्रवारी मल्लाप्पा आला आणि म्हणाला, सरांना पाट हवाय. चिठ्ठी नाही, फोन नाही. मी का म्हणून विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मनात आलं, आता पाटालाही पॉलिश करतील. तरी दिला. का दिला ते मलाही सांगता येणार नाही.

रविवारी दुपारी महानंदा पाट घेऊन वर आली. डोळे लाल. मला वाटलं पुन्हा रडली. तर पोरगी हसत होती. तिने सांगितलं ते जसं सांगितलं तसं लिहिते, म्हणजे तुला कळेल की तू कसा दिसतोस.

"आज्जी, मी परवा क्लासात विचारलं सरांना. सर, त्या दिवशी आज्जी वास कुठाय म्हणाल्या, कसला वास? सगळी पोरं बघायलीत. सरांनी खडू ठेवला. पुस्तक मिटलं न् गेलेच. मी म्हटलं, झालं, आता मला काढतात क्लासातनं. आणि आज बोलावलं की सगळ्यांना गच्चीवर! सर म्हणाले, खंडेनवमीला दाखवलं ते खोटं होतं. अस्संच म्हणाले, इंग्लिशमध्ये. मग पाटावर पाणी मारलं, पुडी घातल्या, ढवळलं. आणि वास सुटला बघा! यव्वा! निम्मी पोरं पळाली जिन्यात. शेजारच्या बिल्डिंगवाली बाई खिडकीतनं ओरडायली, यान्री इदु, काय लावलंय हे म्हणून. सरांनी पेला माझ्या नाकाखाली धरला, मग स्वतःच्या. आणि सरांनी असं तोंड केलं."

आणि तिने ते करून दाखवलं. नाक मुरडलेलं, डोळे मिचकावलेले, वरचा ओठ नाकाला टेकलेला.

मी भिंतीकडे बोट केलं. ती फोटोसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हेच की. सर हितं म्हातारे कसे काय दिसायलेत?"

मी पदर डोळ्यांना लावला आणि पाटाला अजून वास येतोय म्हटलं. खोटंही नव्हतं, येतच होता. जुन्या डागाशेजारी दुसरा गोल उमटला आहे, थोडा तिरका. तू पेला मधोमध ठेवत नाहीस, लहानपणापासून तसाच आहेस.

महानंदाला मी विचारलं, मग सरांनी कोळसा सांगितला का? म्हणाली, हो. फळा नव्हता तर गच्चीच्या भिंतीवर खडूने लिहिला. लिहिला, आणि कोळशावर फुली मारली.

एवढ्याने मी विरघळले असं समजू नकोस. तो बोर्ड मला अजून मान्य नाही. त्या टाळ्या मी विसरलेले नाही, आणि स्मिताच्या मोदकांबद्दल तिच्याशी मी समोरासमोर बोलणार आहे. ज्या पोरांनी तुझा नियम घोकून घरी नेला, ती आता कुठे कुठे कोळसा मोजत बसतील देव जाणे. एका गच्चीने ते भरून येत नाही.

पण गच्चीवर उभा राहून स्वतः खोटं बोललो असं पोरांना सांगायला छाती लागते. अण्णांचं चुकायचं तेव्हा तेही सांगायचे, मात्र त्यांना कधी माइक धरून खोटं बोलावं लागलं नव्हतं. तुला जास्त कठीण गेलं असेल. ते मला दिसतं.

म्हणून नावाबद्दल आता माझं म्हणणं बदललं आहे. पुस्तकावर त्यांचं नाव राहू दे. सत्तेचाळिसावं पान मात्र फाडून नव्याने लिही. सुवर्णनियम वगैरे काही नको. मोठ्या अक्षरांत फक्त एवढंच: आधी वायू शोधा, कोळसा मोजायचा नाही.

आणि तुझा तो मोकळा चौकोन. सोबत फोटो पाठवते आहे. मूळचा आहे, दुसरी प्रत नाही, जपून ठेव. छाप. पण स्टुडिओत न्यायचा नाही, ब्रशही लावायचा नाही. त्यांचं तोंड आहे तसं राहू दे. उघडणाऱ्या प्रत्येक पोराला आधी ते नाक दिसलं पाहिजे.

कोणी विचारलं, मुखपृष्ठावर माणूस इतकं घाणेरडं तोंड का करतोय, तर सांग, आमच्या घरातल्यांचं तोंड असंच होतं. खरा वास आला की.

आई